हळदीची साक्ष कुठवर पुरते?

गुळवेलीचा उरलेला भाग आज द्यायचा होता, पण तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मागच्या लेखात काढा आणि अर्क यांतला फरक ओझरता सांगितला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांनी गुळवेल बाजूला ठेवून हळदीचा विषय काढला आहे. सगळ्यांचा प्रश्न जवळपास एकच. हळद आपण रोज आमटी-भाजीत खातो, कापले-खरचटले की दाबतो, खोकला झाला की दुधातून घेतो. पिढ्यान्‌पिढ्या कुणाचे काही बिघडले नाही. मग तिच्याच कॅप्सूलबद्दल एवढी सावधगिरी कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन पुढे जाता येणार नाही, कारण अश्वगंधा, आवळा, मेथी, शेवगा अशा प्रत्येक वनस्पतीपाशी तो पुन्हा उभा राहणार. ‘हजारो वर्षांचा अनुभव’ ही साक्ष खरी आहे का, आणि खरी असेल तर ती नेमकी कशाची साक्ष आहे, एवढाच आजचा मुद्दा.

ती साक्ष खरी आहे, हे हळदीच्याच बाबतीत एकदा कायद्याच्या कसोटीवर सिद्ध झाले आहे. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याच्या उपायावर पेटंट मिळाले. आपल्या सीएसआयआरने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, त्याला हरकत घेतली. संस्कृत ग्रंथांपासून १९५३ सालच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंत तीसहून अधिक संदर्भ अमेरिकी पेटंट कार्यालयापुढे ठेवले गेले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. या लढ्याची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवी. पण तो लढा आपण का जिंकलो, याकडे जरा नीट पाहावे. हळद गुणकारी आहे, असे मोघम विधान तिथे चालले नसते. हळदीची पूड, जखमेवर, जखम भरण्यासाठी, पूर्वीपासून वापरात आहे, हे लेखी दाखवता आले म्हणून निकाल आपल्या बाजूने लागला. परंपरेची साक्ष चालली ती तिच्या नेमकेपणामुळे. कोणते रूप, कोणत्या वाटेने, किती आणि किती दिवस, एवढे त्या साक्षीत असते. यातले एक जरी बदलले तरी ती साक्ष त्या नव्या वस्तूला लागू होत नाही, हे माझे म्हणणे.

आता स्वयंपाकघरातली हळद मोजू. सांगलीच्या बाजारात येणारे हळकुंड शेतातून निघाल्यावर शिजवलेले, उन्हात वाळवलेले आणि पिंपात फिरवून घासलेले असते. (सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीतल्या पेवांत साठवायची पद्धत होती, त्या पेवांवर कधीतरी स्वतंत्र लिहायचे आहे.) अशा वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन हा पिवळा घटक आणि त्याची भावंडे मिळून सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास भरतात, काही वाणांत पाच-सहापर्यंत जातात. उरलेल्यात बहुतांश पिष्ट, तंतू, पाणी आणि सुगंधी तेल असते. माणशी दिवसाला दोन ग्रॅम हळद पोटात जाते असे धरले, तर त्यातून कर्क्युमिन मिळते साधारण ६० मिलिग्रॅम. तेही जेवणात वाटून आणि फोडणीच्या तेलात परतून. आपल्या पूर्वजांनी ज्याची खात्री दिली ते हे.

कॅप्सूलमधला पिवळा पदार्थ वेगळ्या वाटेने येतो. हळदीची भरड ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट किंवा अल्कोहोल अशा द्रावकात भिजवून त्यातला रंग आणि राळ ओढून घेतात, द्रावक उडवून लावतात आणि उरलेल्या घट्ट राळेतून कर्क्युमिनचे स्फटिक वेगळे काढतात. लेबलवर लिहिलेले ‘९५ टक्के’ म्हणजे हे स्फटिक. पाचशे मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम कर्क्युमिन आले. तेवढे हळदीतून मिळवायचे तर जवळजवळ १६ ग्रॅम हळद, म्हणजे सपाट भरलेले पाचेक चहाचे चमचे, एका वेळी खावे लागतील. दिवसाला दोन गोळ्या घेणारा दहा चमच्यांवर जातो आणि हे महिनोन्‌महिने चालते. अन्नातले रंग आणि इतर मिश्रके तपासणारी, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांची संयुक्त तज्ज्ञ समिती आहे. तिने कर्क्युमिनची आयुष्यभर रोज चालेल अशी मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम अशी ठरवली आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. ती ओलांडली की विषबाधा होते असे मुळीच नाही, अशा मर्यादा बरीच सूट ठेवून आखलेल्या असतात. पण स्वयंपाकघर या रेषेच्या आत कुठे बसते आणि कॅप्सूल बाहेर किती जाते, हे त्यावरून कळते.

मात्रेपेक्षा मोठा बदल शोषणात आहे. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून फारसे आत शिरत नाही आणि जे शिरते त्याला आतड्याची भिंत आणि यकृत मिळून झटपट दुसरे रूप देऊन बाहेर काढतात. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिले, तेव्हा रक्तात ते सापडलेच नाही किंवा नावापुरते सापडले. त्याच मात्रेबरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन, म्हणजे मिऱ्यातला तिखट घटक, दिल्यावर मात्र रक्तात पोचणारे प्रमाण वीस पटींनी वाढले. हा प्रयोग पुरवणी आहाराच्या व्यापाराला वरदान ठरला. आज बाटल्यांवर ‘काळ्या मिरीच्या अर्कासह’ असे ठळक छापलेले असते ते त्यामुळेच. पण पायपरीन हे साधते कसे? यकृत आणि आतडे ज्या प्रक्रियेने परके पदार्थ निकामी करतात, तिलाच ते आवर घालते. ही अडवणूक फक्त कर्क्युमिनपुरती राहत नाही. फेनिटॉइन, प्रोप्रानोलॉल, थिओफिलिन या औषधांचे रक्तातले प्रमाण पायपरीनमुळे वाढल्याचे भारतातच केलेल्या चाचण्यांत दिसले आहे. जम्मूच्या सीएसआयआर प्रयोगशाळेने याच गुणाचा उत्तम उपयोग केला. क्षयावरच्या रिफाम्पिसिनला पायपरीनची जोड देऊन त्याची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणणारे औषध २००९ मध्ये बाजारात आले. जो पदार्थ क्षयाच्या औषधाची मात्रा निम्म्याहून कमी करू शकतो, तो अपस्माराच्या किंवा हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्याने न विचारता रोज घ्यावा का, याचे उत्तर वाचकच देतील.

इथे कुणी म्हणेल की मिरी आपणही खातो, हळदीच्या दुधात तर ती मुद्दाम घालतो. बरोबर. वीस मिलिग्रॅम पायपरीन अर्ध्या ग्रॅमहून कमी मिरपुडीत मिळून जाते, म्हणजे या बाबतीत स्वयंपाकघर कॅप्सूलच्या फार मागे नाही. पण त्या दुधात हळद असते पाव-अर्धा चमचा. शोषण वाढले तरी वाढून वाढून किती वाढणार? शिवाय ते दूध आपण सर्दी असेतो चार दिवस घेतो, वर्षभर दोन वेळा नाही. दोन्ही टोके एकदम ताणली जातात ती कॅप्सूलमध्येच: मात्राही भरपूर आणि ती शरीरात पोचवायची खटपटही.

याचा परिणाम कागदावरच राहिला असता तर हा लेख लिहिला नसता. २०१९ मध्ये इटलीत कर्क्युमिनच्या पूरक गोळ्या घेणाऱ्या वीसहून अधिक लोकांना कावीळ आणि यकृतदाह झाल्याच्या नोंदी आल्या. पहिला संशय अर्थातच भेसळीवर गेला. तपासणीत यकृताला घातक असे मिसळलेले काही हाती लागले नाही. तिथल्या आरोग्य मंत्रालयाने यकृताचे किंवा पित्ताचे विकार, पित्ताशयातले खडे असणाऱ्यांनी या गोळ्या घेऊ नयेत, अशी सूचना लेबलवर सक्तीची केली. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणारे संशोधकांचे एक जाळे आहे. २०२२ मध्ये त्यांनी हळदीच्या गोळ्यांशी जोडलेले दहा रुग्ण प्रसिद्ध केले. त्यातले पाच रुग्णालयात दाखल झाले होते आणि एक यकृत निकामी होऊन दगावला. तपासलेल्या सातही नमुन्यांत हळद होती, त्यांतल्या तीन नमुन्यांत पायपरीन होते. दहापैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ हा जनुकप्रकार आढळला. हिरव्या चहाच्या अर्काने यकृत बिघडलेल्यांतही हाच प्रकार जास्त दिसतो.

दहा आणि वीस या आकड्यांना लाखो वापरणाऱ्यांपुढे किंमत ती काय, हा आक्षेप मी हलका मानत नाही. धोका विरळा आहे, हे मान्यच केले पाहिजे. घेणाऱ्या बहुतेकांना काही होत नाही आणि झालेल्यांपैकी बहुतेक गोळ्या बंद केल्यावर सुधारतात. पण विरळ धोक्याची गंमत अशी की तो परंपरेच्या नजरेत कधीच भरत नाही. दर हजारात एकाला किंवा दर लाखात एकाला, दोन महिन्यांनी कावीळ झाली तर तिचा संबंध रोजच्या पुडीशी लावायला गावातल्या कोणत्याही वैद्याकडे साधन नव्हते. हात भाजणारे, उलटी करवणारे, तासाभरात गुंगी आणणारे द्रव्य परंपरेने अचूक ओळखले, उशिरा आणि क्वचित होणारे नुकसान ओळखण्यासाठी नोंदी आणि मोजणी लागते. त्यात तो जनुकप्रकार काही नवा नाही, माणसांबरोबर तो कधीपासूनचा आहे. नवी आहे ती रक्तात एवढे कर्क्युमिन पोचवणारी गोळी.

मग पॅरासिटामॉलने यकृत बिघडत नाही का, असे एका पत्रात विचारले आहे. बिघडते, आणि कित्येक देशांत तीव्र यकृतनाशाचे ते प्रमुख कारण आहे. पण धडधाकट प्रौढाला दिवसाला चार ग्रॅमच्या पुढे जायचे नाही ही मर्यादा ठरलेली आहे, जास्त झाले तर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, आणि हे सगळे कळले ते त्या औषधामागे नुकसान मोजणारी यंत्रणा लागली म्हणून. मला हळदीच्या गोळीसाठी तेच हवे आहे, जास्त काही नाही. २०१६ च्या नियमांनुसार आपल्याकडे अशा पूरक आहाराच्या बाटलीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापावे लागते. आणि विकणारा व घेणारा दोघेही ती गुडघेदुखीचे औषध म्हणूनच हाताळतात. औषधासारखा वापर आणि अन्नासारखी तपासणी, ही या मालाची खरी अडचण आहे.

उपयोग नाही असे मात्र समजू नका. थायलंडमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या ३६७ रुग्णांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसाला १,५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क चार आठवड्यांत आयबुप्रोफेनच्या बरोबरीने उतरला आणि पोटदुखीचा त्रास त्यात कमी होता. आयबुप्रोफेन ज्यांच्या जठराला किंवा मूत्रपिंडाला सोसत नाही त्यांच्यासाठी ही मोलाची गोष्ट आहे. दुसऱ्या बाजूला, कर्करोगापासून विस्मरणापर्यंत सगळ्यावर कर्क्युमिनची मात्रा लागू पडते, हे दावे प्रयोगशाळेतल्या पेशींवरून माणसांपर्यंत पोचताना गळून पडले आहेत. औषधी रसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये घेतलेल्या आढाव्यात दिसले की हा रेणू चाचणीच्या साधनांनाच फसवतो: स्वतः चमकतो, धातूंना धरतो, सहज मोडतो आणि परिणाम झाल्याचा भास देतो. तेव्हा गुडघ्याला आधार, बाकी बऱ्याच गोष्टींना अजून नाही, असे माझे मत आहे.

आणि आयुर्वेदाचे काय? अर्कांच्या विरोधात बोलले की आयुर्वेदाच्या विरोधात बोललो असा समज होतो. उलट मात्रा, काल, अनुपान, रुग्णाची प्रकृती आणि अग्नी पाहिल्याशिवाय द्रव्य देऊ नये, हा चरकापासूनचा आग्रह आहे. नीट योजले तर विषही औषध होते आणि चुकीचे योजले तर औषधही विष, हे त्याच परंपरेने सांगितले आहे. सुंठ, मिरी, पिंपळीचे त्रिकटू दुसऱ्या द्रव्याचा गुण वाढवते, हे वैद्यांना ठाऊक होते, आणि म्हणूनच ते कुणाला, किती द्यायचे याची बंधने होती. बाटलीवर ‘रोज दोन, जेवणानंतर’ एवढेच छापून तरुण, म्हातारा, काविळीतून उठलेला, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारा, सगळ्यांना तीच मात्रा देणे आयुर्वेदात बसत नाही आणि आधुनिक औषधशास्त्रातही नाही.

म्हणून ज्यांच्या घरात अशी बाटली आहे त्यांनी लेबलवर तीन गोष्टी शोधाव्यात: हळदीची पूड आहे की अर्क, अर्क असेल तर कर्क्युमिन किती मिलिग्रॅम, आणि पायपरीन किंवा ‘शोषण वाढवणारे’ असे काही आहे का. पित्ताशयात खडे असतील, यकृताचा जुना विकार असेल, वॉरफरिन किंवा अपस्माराचे औषध चालू असेल तर डॉक्टरांना ती बाटलीच दाखवावी, नुसते ‘आयुर्वेदिक काहीतरी घेतो’ असे सांगू नये. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, विनाकारण थकवा आला तर गोळ्या त्याच दिवशी थांबवून यकृताची तपासणी करून घ्यावी. यातला त्रास बहुधा सुरुवातीच्या एक ते चार महिन्यांत दिसतो. भाजीतली हळद कमी करायचे काही कारण नाही. तिच्यात शिसे मिसळले जाते तो प्रश्न निराळा आहे आणि त्यावर बांगलादेशाने काय केले ते सांगण्याजोगे आहे, पण त्याला वेगळा लेख लागेल.

पुढच्या आठवड्यात ठरल्याप्रमाणे गुळवेल. मुंबईत २०२० च्या अखेरच्या महिन्यांत नोंदवलेले यकृतविकाराचे सहा रुग्ण आणि त्यावर आयुष मंत्रालयाने घेतलेली हरकत तिथे समोर ठेवीन. त्या वादात मात्रेच्या जोडीला आणखी एक पेच आहे: रुग्णांनी घेतलेली वेल खरोखर गुळवेलच होती का.