बेटावरच्या दोन वसाहती : सिराक्यूज आणि मॉरिशस

ग्रीक वसाहतींचा भाग शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "सर, आपलं गाव सोडून लोक इतक्या दूर कामून जात होते?" प्रश्न अगदी बरोबर आहे.

इ.स.पू. 733 च्या सुमारास कॉरिंथ शहरातून आर्कियस नावाच्या पुढाऱ्याबरोबर काही लोक सिसिली बेटाकडे निघाले. किनाऱ्यालगतच्या ऑर्टिजिया या छोट्या बेटावर त्यांनी सिराक्यूज वसवलं. तिथे गोड्या पाण्याचा झरा होता, चांगलं बंदर होतं, समोर सुपीक जमीन होती. ग्रीक लोक अशा वसाहतीला 'अपोइकिया', म्हणजे घरापासून दूरचं घर म्हणत. मूळ शहरातला पवित्र अग्नी सोबत नेण्याची त्यांची प्रथा होती. तिथे आधीपासून राहणाऱ्या सिकेल लोकांना मात्र जागा सोडावी लागली, हेही लक्षात ठेवा.

आता आपल्या माणसांकडे वळू. मराठी माणसांचीही एका बेटावर वस्ती आहे, ते बेट म्हणजे हिंदी महासागरातलं मॉरिशस. 1835 मध्ये तिथली गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. इंग्रजांनी 1834 पासूनच भारतातून करारावर माणसं न्यायला सुरुवात केली होती. बहुतेक जण बिहारकडचे, कलकत्त्याहून गेलेले. पण मुंबई बंदरातून रत्नागिरी, सावंतवाडी भागातली मराठी माणसंही गेली. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि वर शिधा. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापत! 'ॲग्रीमेंट'चं 'गिरमिट' झालं ते याच लोकांच्या तोंडी.

फरक पाहा. सिराक्यूजला जाणाऱ्यांसोबत त्यांचा पुढारी होता आणि पोचल्यावर जमीन त्यांचीच होणार होती. आपल्या माणसाच्या हाती करार होता, तोही वाचता न येणारा. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरल्यावर त्याला नंबर मिळे. पूर्वजाचं नुसतं नावच पुढे कित्येक घरांचं आडनाव होऊन बसलं. आज तो धक्का 'आप्रवासी घाट' म्हणून ओळखला जातो आणि 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहे.

अग्नी नव्हता, मग सोबत काय गेलं? गणपती गेला. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, ही गोष्ट सांगितली की मुलांचे डोळे मोठे होतात. कोकणातलं जाखडी नृत्यही गेलं, तिथे त्याला 'झाकरी' म्हणतात. घरातली बोली हळूहळू क्रिओल झाली. मराठी आता तिथली मुलं शाळेत एक विषय म्हणून शिकतात, तुम्ही इंग्रजी शिकता तशी. पण चतुर्थीला मूर्तीपुढे गोल धरून झाकरी म्हणताना शब्द मराठीच असतात.