शेतघराचे अंगण: झाडे कुठे, फरशी कुठे?

नवे घर बांधून झाले की उरलेल्या पैशांत अंगणभर कोबा किंवा पेव्हर ब्लॉक करून घेण्याकडे अनेकांचा कल असतो. चिखल होत नाही, झाडलोट सोपी जाते, पावसाळ्यात ट्रॅक्टर दारापर्यंत येतो. हे फायदे खरेच आहेत. पण दिवसभर तापलेला कोबा रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि पावसाच्या पाण्याला मुरायला जागा उरत नाही. म्हणून जिथे रोज पाय किंवा चाक पडते तेवढीच जागा पक्की करावी: फाटक ते दार, गोठा, न्हाणी आणि वाहन उभे करण्याची जागा. पायवाटेला ४ फूट रुंदी पुरते. धान्य वाळवायला खळे हवे असेल तर ते झाडांपासून दूर, पूर्ण उन्हात ठेवावे.

सावलीचे झाड पश्चिमेला

बरेच जण घराच्या दक्षिणेला मोठे झाड लावतात. महाराष्ट्रात मे महिन्यात माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. शून्य सावलीचे दिवस याच काळात येतात. त्यामुळे दक्षिणेच्या झाडाची सावली भिंतीवर फारशी पडतच नाही. घर तापते ते पश्चिमेच्या भिंतीमुळे. उन्हाळ्यात सूर्य थोडा उत्तरेकडे सरकून मावळतो, म्हणून मोठी झाडे पश्चिम आणि वायव्य बाजूला लावावीत. दुपारी चारनंतर सावली लांब होत जाते, त्यामुळे २५ फुटांवरचे उंच झाडही भिंत झाकते. दक्षिणेची बाजू मोकळी ठेवल्यास थंडीत ऊन घरात येते.

झाड मोठे होईपर्यंत पश्चिमेच्या भिंतीपासून ३ ते ४ फुटांवर लोखंडी पाइप किंवा बांबूचा मांडव करून त्यावर दोडका, घोसाळी चढवावी. भिंतीला सावली मिळते, भाजी वेगळी.

काळ्या जमिनीत अंतर जपा

भारी काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीलगतचे मोठे झाड पाणी ओढून घेते, माती आणखी आकसते आणि पाया खोल नसेल तर भिंतीला तडे जातात. कडुनिंब, चिंच, आंबा भिंतीपासून २५ ते ३० फूट दूर ठेवावेत. वड, पिंपळ, उंबर घराच्या आवारात नकोतच. त्यांना बांधावर किंवा ओढ्याकाठी जागा द्यावी. लिंबू, पेरू, डाळिंब, प्राजक्त ८ ते १० फुटांवर चालतात. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते. पत्र्याजवळ किंवा विजेच्या तारेखाली तो लावू नये. गोठ्याच्या बाजूला कण्हेर मुळीच नको, तिची पाने जनावरांना विषारी असतात.

कोब्याखालची काळी माती न काढता वर सिमेंट टाकले तर दोन-तीन वर्षांतच कोबा उचलतो. ती माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून दाबावा आणि मगच काम करावे.

जुन्या झाडाभोवती पार बांधताना

इथे अनेक झाडे जातात. पार उंच करण्यासाठी खोडाभोवती दोन-अडीच फूट माती भरली जाते. त्या मातीखाली खोडाची साल सतत ओली राहून कुजते आणि मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच वाळत नाही. काही वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागते, तेव्हा पाराची आठवण कोणालाच राहत नाही. पार बांधायचाच असेल तर भिंत खोडापासून शक्य तितकी दूर घ्यावी, आतली जमीन मूळ पातळीलाच ठेवावी आणि बसायला फक्त कडेची भिंत वापरावी. फरशी करतानाही खोडाभोवती किमान १ मीटर त्रिज्येचे आळे मोकळे सोडावे.

बांधकामाचे डबर, चुना, सिमेंटचा चुरा लागवडीच्या खड्ड्यात भरू नये. त्याने मातीचा सामू वाढतो, लोह झाडाला मिळत नाही. मोगरा, जास्वंद, लिंबू यांची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर खत वाढवण्याआधी खड्ड्यात काय भरले होते ते पाहावे.

पाण्याचा उतार

१ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १०० चौरस मीटर छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस झाला तर ६०,००० लिटर पाणी पडते. पक्क्या अंगणाला घरापासून बाहेर १०० फुटांना किमान १ फूट उतार देऊन हे पाणी झाडांच्या आळ्यांकडे किंवा शोषखड्ड्याकडे न्यावे. शोषखड्डाही पायापासून लांबच घ्यावा. न्हाणीचे पाणी केळी आणि अळूला सोडता येते.

कोबा टाकण्यापूर्वी त्याखालून २ इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे आडवे टाकून, तोंडे बंद करून ठेवावेत. पुढे ठिबकची नळी किंवा विजेची केबल न्यायची झाल्यास फरशी फोडावी लागणार नाही.