प्रचारकाचा शब्द, संस्थेचे दायित्व

1857 सालच्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जाहीर वाद झडले. जॉर्ज बोएन या अमेरिकन मिशनऱ्याने त्यांचा वृत्तांत इंग्रजीत प्रसिद्ध केला. या वादांकडे आपण धर्मेतिहासाच्या अंगाने पाहतो. पण त्यात कायद्याचाही एक प्रश्न दडलेला आहे. बुवा एकटे होते, आपल्या शब्दाला स्वतःच बांधलेले. समोरच्या मिशनऱ्यामागे मात्र मिशन उभे होते. भर गर्दीत त्याच्याकडून आगळीक झाली असती, तर जाब कोणाला विचारायचा, त्याला की मिशनला?

पावसच्या स्वामी स्वरूपानंदांच्या (1903–1974) बाबतीत हा प्रश्न उद्भवलाच नसता. ते अनेक दशके गावातल्या एकाच घरात राहिले. साधकच त्यांच्याकडे येत. बहुतेक पंथांचे तसे नसते. पत्रके वाटणारे, दारोदार जाणारे, चौकात बोलणारे त्यांचे सेवेकरी असतात आणि ते बहुधा बिनपगारी असतात. समजा, अशा एखाद्या पंथाचा सेवेकरी पावसच्या बाजारात बोलायला उभा राहिला.

तसा अधिकार त्याला आहे. राज्यघटनेचे कलम 25 धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य देते, मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत. 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आपल्या धर्माची तत्त्वे सांगणे हा हक्क आहे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवणे हा मूलभूत हक्क नाही.

त्याच्या शब्दांनी कोणाच्या धर्मभावना दुखावल्या, तर फौजदारी दायित्व प्रथम त्याचे स्वतःचे. भारतीय न्याय संहितेची कलमे 299 आणि 302 (जुन्या दंडसंहितेतील 295-अ आणि 298) हेतूवर उभी आहेत. नुसते कोणी दुखावले जाणे पुरेसे नाही. संस्थेचा अध्यक्ष केवळ पदामुळे आरोपी होत नाही. पण भाषण त्यानेच लिहून दिले असेल किंवा चिथावणी दिली असेल, तर तोही त्यात येतो. छापील पत्रकाचे जाळे आणखी रुंद. 1957 च्या रामजीलाल मोदी खटल्यात आरोपी होता तो मासिकाचा संपादक, मुद्रक आणि प्रकाशक.

व्यवस्थेचे दायित्व वेगळे. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर तो साधारणपणे वाजवता येत नाही. तिथे ज्याच्या नावावर परवानगी, त्याच्याकडे पोलीस आधी वळतात. अटी मोडल्या तर ‘आवाज मी नव्हे, मुलांनी वाढवला’ हे उत्तर फारसे टिकत नाही.

खरा पेच नुकसानभरपाईचा. प्रचाराच्या जीपने वाटसरूला धडक दिली, तर चालकाबरोबर गाडीचा मालक आणि विमा कंपनी यांच्यावर दावा होतो. मालक संस्था असेल तर भार संस्थेवर. इतर प्रसंगी न्यायालय दोन गोष्टी तपासते: माणूस संस्थेच्या नियंत्रणाखाली होता का, आणि कृत्य तिच्या कामाच्या ओघात घडले का? पगार हा निर्णायक निकष नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली नोकरीचा करार नसलेल्या कॅथलिक शिक्षकबंधूंच्या कृत्यांसाठी त्यांच्या संस्थेला जबाबदार धरले. 2023 साली यहोवाच्या साक्षीदारांच्या एका मंडळीच्या खटल्यात मात्र वडील पदावरील माणसाचे नाते नोकरीसारखे मानूनही, त्याचा गुन्हा त्या कामाशी पुरेसा निगडित नाही, म्हणून मंडळी सुटली. हे निकाल आपल्यावर बंधनकारक नाहीत, पण आपली न्यायालयेही कामाचा ओघ पाहतात. स्टेट बँकेच्या एका कर्मचाऱ्याने ओळखीपोटी हाती दिलेल्या पैशांची अफरातफर केली. ते पैसे त्याने बँकेचा नोकर म्हणून घेतले नव्हते, म्हणून 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने बँकेला जबाबदार धरले नाही.

पावसच्या बाजारातल्या आपल्या सेवेकऱ्याची अडचण इथेच आहे. गर्दी जमली की संस्था त्याला ‘आमचा’ म्हणते. तक्रार आली की ‘तो स्वखुशीने गेला होता’ म्हणते. संस्थेने त्याला पाठवले, हे सिद्ध करायला लेखी कागद नसतो आणि वकिलाचा खर्च त्याच्या खिशातून जातो. म्हणून बाजारात जाण्यापूर्वी तीन प्रश्न त्याने विचारावेत: परवानगी कोणाच्या नावावर आहे, पत्रकावर प्रकाशक म्हणून कोण आहे, आणि मला पाठवल्याचे पत्र मिळेल का? ज्या संस्थेला तिसरे उत्तर देता येत नाही, तिने त्याच्या हाती पत्रके देऊ नयेत.