खुब्याचें हाड : शहरांतलें आणि खेड्यांतलें



घरांतील वृद्ध व्यक्तीचा पाय घसरतो, ती कुशीवर पडते आणि पुन्हा उठूं शकत नाहीं. खुब्याचें हाड मोडलेलें असतें. वार्धक्यांतील या अस्थिभंगानंतर वर्षभरांत पांचांतील सुमारें एका व्यक्तीला मृत्यु गाठतो; जे वांचतात, त्यांतील पुष्कळांना पूर्वीसारखें स्वतंत्रपणें चालतां येत नाहीं. म्हणून हें हाड कोणाचें अधिक मोडतें, नागरिकाचें कीं ग्रामस्थाचें, हा प्रश्न केवळ वैद्यांच्या कुतूहलाचा नव्हे.

नॉर्वे देशांत या प्रश्नाचा कसोशीनें अभ्यास झालेला आहे. तेथें दरवर्षीं सुमारें ९,००० लोकांचा खुबा मोडतो. मोडलेला खुबा घेऊन कोणी घरीं बसूं शकत नाहीं. शस्त्रक्रियेसाठीं रुग्णालय गांठावेंच लागतें. त्यामुळें खेड्यांतील रुग्ण मोजणींतून सुटले असतील, ही शंका तेथें फारशी टिकत नाहीं. ऑस्लो या राजधानींत १९७८-७९, १९८८-८९ आणि १९९६-९७ या वर्षीं अशी मोजणी झाली, आणि जगांतील नोंदींत हें शहर अगदीं वरच्या स्थानीं आढळलें. त्याच देशाच्या ग्रामीण भागांत मात्र प्रमाण कमी भरलें.

प्रथमदर्शनीं वाटेल, कीं हा शहराच्या बर्फाळ रस्त्यांचा प्रताप असावा. परंतु बर्फ खेड्यांतही पडतें. शिवाय वृद्धांचे असे बहुतेक अपघात घरांतच, उभ्या उभ्या पडून होतात. तेव्हां रस्त्याइतकाच हाडाचाही विचार केला पाहिजे. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका नॉर्वेजियन अभ्यासांत हाताच्या हाडांची घनता मोजण्यांत आली. ती शहरवासीयांपेक्षां ग्रामवासीयांची अधिक भरली.

असें कां व्हावें? हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. जर्मन शस्त्रवैद्य युलियस वोल्फ यानें १८९२ सालींच सांगितलें, कीं ज्या हाडावर भार पडतो, तें त्या भाराला अनुरूप घडत जातें. भार हटला, कीं तें क्षीण होतें. शेतांत वांकणें, ओझें उचलणें, चढउतार करणें यांनीं हाडाला आयुष्यभर काम मिळतें. उघड्यावरील सूर्यप्रकाशानें शरीरांत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतें, आणि त्याच्या साहाय्यानें आहारांतील चुना हाडांपर्यंत पोंचतो. शरीराचें वजन, आहार, धूम्रपान यांचाही वांटा आहे. एकाच कारणानें सारा भेद उलगडत नाहीं.

पण गांवची हवा म्हणजे कांहीं मंत्र नव्हे. यंत्रांनीं श्रम हिरावले, तर ग्रामस्थाचें हाडही दुबळें होणारच. उलट, शहराच्या कपाळीं हें दुर्दैव कायमचें लिहिलेलें आहे असेंही नाहीं. २००७ सालच्या मोजणींत ऑस्लोंतील स्त्रियांमधील प्रमाण उतरलेलें दिसलें.

आपल्या घरांत आपण वडीलधाऱ्यांना मोठ्या प्रेमानें म्हणतों, “आतां आपण स्वस्थ बसून राहावें.” हें प्रेम त्यांच्या हाडांना मानवत नाहीं. न्हाणीघराची ओली फरशी कोरडी ठेवावी, आधाराला दांडी बसवावी, रात्रीं दिवा असूं द्यावा. परंतु जिना, बाजारहाट आणि सकाळचें ऊन हीं मात्र, प्रकृतीला झेपतील तोंवर, त्यांच्यापासून काढून घेऊं नयेत.