एरर आला नाही, हीच तर भानगड

रात्रीचे दोन. कऱ्हाडच्या हॉस्टेलची खोली असेल, नाहीतर सांगलीत विश्रामबागेत चौघांनी मिळून घेतलेली रूम. लॅपटॉपचा पंखा घरघरतोय आणि स्क्रीनवर पुन्हा तीच ओळ : ‘टू मेनी अटेम्प्ट्स मेड फॉर धिस इन्क्रिमेंट’. सकाळी गाइड सरांना रिझल्ट दाखवायचाय. मग तुम्ही तेच करता, जे सगळे करतात. मेश जरा बारीक, टाइम स्टेप जरा लहान, परत सबमिट. पाचव्या खेपेला एरर गायब होतो, निळ्यापासून लालपर्यंत झकास चित्र येतं, स्क्रीनशॉट रिपोर्टमध्ये जातो आणि तुम्ही आडवे होता.

खरा घोळ इथून सुरू होतो. एरर आला म्हणजे सॉफ्टवेअर निदान बोंब तरी मारतंय. जी चूक गपगुमान रंगीत चित्र काढून देते, ती कशी पकडायची? सातारा-सांगलीच्या पोरापोरींना त्यासाठी उदाहरण शोधायला लांब जायला नको. ते पाटण तालुक्यात उभं आहे.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. भूकंपानं कोयनानगर उद्ध्वस्त केलं, सुमारे १८० माणसं गेली. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ती पहाट त्यांना आठवत असेल. १०३ मीटर उंचीचं कोयना धरण उभं राहिलं, पण त्याला तडे गेले. ही नदी कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पुढे सांगलीच्या आयर्विन पुलाखालून जातं. धरण फुटलं असतं तर काय, हे वेगळं सांगायला नको.

धरणाच्या डिझाइनमध्ये भूकंपाचा आडवा धक्का गुरुत्वाच्या ०.०५ पट धरला होता. धरणातच बसवलेल्या यंत्रानं नोंदवला तो जवळपास ०.५ पट. त्या काळच्या रीतीप्रमाणे कागदावरचं गणित चोख होतं. १९७३ मध्ये बर्कलीच्या अनिल चोप्रा आणि पी. चक्रबर्ती यांनी हेच धरण फायनाइट एलिमेंटनं पुन्हा तपासलं. म्हणजे धरणाच्या छेदाचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येकाचं समीकरण मांडायचं आणि सगळी एकत्र सोडवायची. धरणाच्या खालच्या अंगाला, पायापासून सुमारे ६६.५ मीटरवर, उतार एकदम बदलतो. काँक्रीटला न पेलणारा, ओढणारा ताण त्याच पट्ट्यात निघाला. खरे तडेही बहुतेक तिथेच होते.

तेव्हापासून कोयना हा जगभरच्या पोरांचा गृहपाठ झालाय. ॲबॅकसच्या मॅन्युअलमध्येसुद्धा हे धरण आहे. भूकंपाची खरी नोंद आहे, खरा तडा आहे, म्हणजे पाठीमागे उत्तर छापलेलं गणित. चुका पकडायला शिकायचं तर असंच गणित घ्यावं, असं माझं मत.

तर करा मॉडेल. एक मीटर जाडीचा काप. उंची १०३ मीटर, तळाची रुंदी सुमारे ७० मीटर, माथा १४.८ मीटर, उतार बदलतो तिथे १९.२५ मीटर. घनता २६४३ किलो प्रति घनमीटर. पाणी ९१.७५ मीटर. आणि इलॅस्टिक मॉड्युलस ३१,०२७ मेगापास्कल. इथेच हात घसरतो. मापं मीटरमध्ये, घनता किलोत, आणि मॉड्युलसच्या रकान्यात नुसतं ३१०२७ टाइप होतं. सॉफ्टवेअरला एककं कळत नाहीत, आकडे तेवढे कळतात. त्याच्या लेखी तुमचं काँक्रीट दहा लाख पट मऊ झालं.

आता गंमत बघा. वजन आणि पाणी लावून साधी रेषीय रन मारली, तर ताणाचं चित्र अगदी बरोबर येतं! एकाच मटेरियलचं धरण, पाया पक्का धरलेला आणि भार ठरलेला असेल, तर ताण मॉड्युलसवर अवलंबूनच नसतो. धरण किती सरकलं बघायला जावं तर चित्रही शहाण्यासारखं वाकलेलं दिसतं, कारण सॉफ्टवेअर ते स्क्रीनला शोभेल असं स्केल करून दाखवतं. कोपऱ्यातला आकडा वाचला तरच कळतं, की धरणाचा माथा काही किलोमीटर सरकलाय. कोण वाचतं तो आकडा?

म्हणून भूकंप लावायच्या आधी दोन गोष्टी वहीत कराव्यात. कॅल्क्युलेटर पुरतो. छेदाचं क्षेत्रफळ सुमारे ३६०० चौरस मीटर येतं, म्हणजे कापाचं वजन साधारण ९.३ कोटी न्यूटन. पाण्याचा एकूण आडवा रेटा, अर्धा गुणिले घनता गुणिले गुरुत्व गुणिले खोलीचा वर्ग, सुमारे ४.१ कोटी न्यूटन. पायाच्या रिॲक्शनची बेरीज याच्याशी जुळायला हवी. जुळली नाही तर घनता, गुरुत्व किंवा पाण्याचा दाब यांत कुठेतरी गडबड. पण मॉड्युलसची चूक या चाळणीतूनही निसटते. तिच्यासाठी फ्रीक्वेन्सी काढा. रिकाम्या धरणाची पहिली फ्रीक्वेन्सी सुमारे ३ हर्ट्झ. तुमची ०.००३ आली, म्हणजे धरणाला एक झोका घ्यायला साडेपाच मिनिटं लागली, तर उठा आणि मटेरियलचं पान उघडा. ही रन काही सेकंदांत होते. तरी ती कुणी मारत नाही, याचं मला कायम नवल वाटतं.

मेसेज देणाऱ्या चुकांवर फार वेळ घालवत नाही. ‘न्यूमेरिकल सिंग्युलॅरिटी’ किंवा ‘झिरो पिव्हट’ आलं, तर बहुतेक वेळा मॉडेलचा एखादा भाग कशालाच बांधलेला नसतो, हवेत तरंगत असतो. फ्रीक्वेन्सीच्या रनमध्ये शून्याजवळचा मोड दिसला तर त्याचं ॲनिमेशन बघा, कुठला भाग सुटलाय ते नाचून दाखवेल. आणि वजन, पाणी, भूकंप सगळं एकाच डायनॅमिक स्टेपमध्ये ढकलू नका. अचानक वजन पडलं की धरण आपोआपच उड्या मारायला लागतं आणि भूकंपाचा हिशेब त्यात बुडतो. आधी वजन आणि पाणी स्थिर स्टेपमध्ये, मग हादरा.

एक चूक मात्र सॉफ्टवेअरचीही नाही, तुमचीही नाही. पायाच्या पाण्याकडच्या कोपऱ्यात मेश निम्मी केली की ताण वाढतो. अजून निम्मी केली, अजून वाढतो. पोरं वैतागून हवा तो आकडा येईल तिथे मेश थांबवतात. रेषीय सिद्धांतात अशा टोकदार कोपऱ्यात ताण अनंतच असतो, त्यामुळे तिथला सर्वात मोठा आकडा छापण्यात अर्थ नाही. कोपऱ्यापासून थोडं दूर बघा, तिथे आकडा स्थिरावला का? आणि तडा दाखवायचा असेल, तर काँक्रीट फाटायला लागणारी ऊर्जा मटेरियलमध्ये द्या. तसं केलं की तडा मेशच्या मापावर फारसा नाचत नाही.

आता भूकंप. फाइलमधले आकडे बहुधा ‘जी’मध्ये असतात, आडव्या धक्क्याचा सर्वात मोठा ०.४७४. त्याला ९.८१ नं गुणायचं राहिलं, तर सॉफ्टवेअर तो मीटर प्रति सेकंद वर्ग समजतं, म्हणजे गुरुत्वाच्या जेमतेम ०.०४८ पट. हा आकडा ओळखीचा वाटतो का? जुन्या डिझाइनमध्ये धरलेल्या ०.०५ च्या अगदी जवळचा. रन दहा सेकंदांचा भूकंप बिनबोभाट संपवते. धरणाला ओरखडाही नाही, मेसेज फाइल स्वच्छ. असं झालं, तर ६६.५ मीटरवरचा तो पट्टा झूम करून बघा आणि मग भूकंपाची फाइल उघडा.