पहिल्या मिनिटाचे निदान

अमेरिकेत १९७३ ते १९८७ या काळात निघालेले शेव्हरोलेचे चौकोनी धाटणीचे पिकअप ट्रक आजही रस्त्यावर दिसतात. त्यांतल्या कित्येकांत ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन आणि त्यावर जनरल मोटर्सच्याच रोचेस्टर विभागाचा क्वाड्राजेट कार्बोरेटर असतो. त्यांची एक तक्रार नेहमीची आहे: दुपारी एका सेल्फमध्ये लागणारा ट्रक थंडीतल्या सकाळी लागता लागत नाही. त्यावरचा उपायही नेहमीचाच, कार्बोरेटर बदला. हा उपाय घाईचा आहे असे माझे ठाम मत आहे. गार इंजिन नेमके कोणत्या क्षणी अडते, त्यावरून दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा कळते. इंजिन तापले की तो पुरावा नाहीसा होतो. म्हणून निदान करायचे ते रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर, पहिल्या मिनिटातच.

याचे कारण पेट्रोलच्या स्वभावात आहे. जळते ते पेट्रोल नव्हे, त्याची वाफ. तापलेल्या इंजिनाला वजनाने पेट्रोलच्या साधारण पंधरापट हवा लागते. पण मॅनिफोल्ड गार असला की पेट्रोलचा फक्त हलका अंश उडतो आणि उरलेले भिंतींना चिकटून राहते. जळण्याजोगी वाफ हवी तर पेट्रोल कितीतरी जास्त सोडावे लागते, आणि ते काम चोक करतो. आपल्याकडच्या प्रीमियर पद्मिनीत चालक चोक हाताने ओढत असे. क्वाड्राजेटमध्ये दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी गारठ्याने आवळते आणि चोकची झडप मिटते. मात्र त्यासाठी सेल्फ मारण्याआधी अॅक्सिलरेटर एकदा तळापर्यंत दाबून सोडावा लागतो. त्याशिवाय झडप मोकळी होत नाही आणि आयडलिंग वाढवणारा कॅमही जागेवर येत नाही. दोष शोधण्याआधी ही सवय तपासावी.

इंजिन फिरते पण पेटतच नाही, ही पहिली अवस्था. एअर फिल्टरचे झाकण काढून, इंजिन बंद ठेवून, अॅक्सिलरेटर दाबून सोडावा. झडप उघडीच राहिली तर तिचा दांडा चिकट झाला आहे किंवा पट्टीची जुळणी बिघडली आहे. झडप मिटली तर ती बोटाने उघडून धरावी, थ्रॉटल हलवावा आणि आत पाहावे. पुढच्या दोन नळ्यांत पेट्रोलच्या दोन ठसठशीत पिचकाऱ्या उडायला हव्यात. त्या उडाल्या नाहीत तर अॅक्सिलरेटर पंपाचा वॉशर झिजला आहे किंवा फ्लोटची वाटी कोरडी आहे. वाटीच्या हवेच्या नळीतून थोडे पेट्रोल ओतून पाहावे. तेवढ्याने इंजिन लागले तर वाटीच रिकामी होती. मग पेट्रोल रात्रीत गेले कुठे? काही उडून जाते, पण क्वाड्राजेटचा एक जुना आजार असा की वाटीखालच्या विहिरींची बुचे झिरपतात आणि पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये उतरते. इथे जेट साफ करून काही साधत नाही, बुचेच बंद करावी लागतात. पिचकारी चांगली असेल तर बॅटरी तपासावी. उणे १८ अंशांत तिची ताकद जवळपास निम्मी होते. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली घसरत असेल तर करंट नीट पडणार नाही, आणि दोष मात्र कार्बोरेटरच्या माथी येईल.

इंजिन लागते आणि लगेच बंद पडते, ही दुसरी अवस्था. काळा धूर आणि पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल जादा होते आहे. इंजिन लागताच चोक किंचित उघडणारा व्हॅक्यूमचा पडदा बहुधा फाटलेला असतो. उलट इंजिन कार्बोरेटरमधून खोकत असेल तर हवा जादा आहे. कुठेतरी व्हॅक्यूमचा पाइप तडकला असेल किंवा गॅस्केट हवा घेत असेल. बाहेरून सारखाच दिसणारा बंद पडण्याचा प्रकार, पण उपाय एकमेकांच्या उलट. चोक घट्ट केला तर पहिला दोष वाढेल, सैल केला तर दुसरा.

यावर कुणी म्हणेल, ईथरचा फवारा मारला की लागते, मग एवढी उठाठेव कशाला? फवाऱ्याने एवढेच कळते की ठिणगी आणि कॉम्प्रेशन आहे. रोज मारला तर इंजिनावर ताण येतो आणि आगीचा धोकाही राहतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: फ्युएल इंजेक्शन बसवले की चोकची कटकट संपते. ते खरे आहे. कंपनीनेही १९८७ पासून तोच रस्ता धरला. पण जुनी बॅटरी, सैल अर्थिंग आणि हवा घेणारा मॅनिफोल्ड इंजेक्शनच्या गाडीलाही तसेच छळतात. खर्च होतो आणि मूळ दोष नव्या यंत्राखाली झाकला जातो. तिसरा आक्षेप वेळेचा: सुटे भाग स्वस्त, कारागिराचा वेळ महाग. तरीही न तपासता बदललेला प्रत्येक भाग स्वतःची नवी जुळणी मागतो, आणि पुढच्या सकाळी दोन दोष वेगळे करावे लागतात.

म्हणून क्रम पाळावा: आधी चोक, मग पिचकारी, मग करंट, आणि इंजिन लागल्यावर धूर की खोकला. यातले बहुतेक डोळ्यांनी आणि नाकाने कळते, त्याला खर्च नाही. कार्बोरेटर खोलायचाच तर या चार प्रश्नांची उत्तरे हातात घेऊन खोलावा, म्हणजे आत काय शोधायचे ते आधीच ठाऊक असेल.