बोर्ड गेला म्हणजे नेमके काय गेले?

‘मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या.’ पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा संगणक दुकानात नेला की हे उत्तर ठरलेले. बोर्डावरचे नेमके काय गेले, हे बघायला कुणाला वेळ नसतो. पाचोडच्या बाजूला याचे जास्तच नवल वाटते. मोसंबीच्या बाजारासाठी नावाजलेल्या या गावाच्या शिवारात पाण्याची मोटार जळाली तर शेतकरी ती भंगारात घालत नाही, रिवाइंडिंग करून पुन्हा विहिरीवर नेतो. याच पैठण तालुक्यात चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता, म्हणजे सोल्डरिंगचे कामही या भागाला नवे नाही. मग संगणकापुढेच लगेच हात का टेकायचे?

खरे तर जुना संगणक दुरुस्तीला सोपा. आयबीएमने 1981 साली पहिला पीसी आणला, तेव्हा त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत सगळ्या सर्किटचे नकाशे छापले होते. त्या काळच्या बोर्डावर आयसीचे पाय मोठे, ट्रॅक रुंद, कितीतरी चिप नुसत्या सॉकेटमध्ये बसवलेल्या. वर्षानुवर्षे गरम-थंड होऊन त्या चिप किंचित वर सरकतात. काही ‘डेड’ बोर्ड नुसत्या अंगठ्याने चिप दाबल्यावर जिवंत होतात!

सर्वात जास्त दगा देतो तो कपॅसिटर. त्याच्या आतला द्रव उष्णतेने सुकत जातो. 105 अंशांना 2,000 तास चालेल असा कपॅसिटर 65 अंशांना साधारण 32,000 तास टिकतो. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्म्यावर येते. मराठवाड्यात उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या खोलीत, धुळीने पंखा कोंडलेल्या डब्यात काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. डोके फुगलेला किंवा बुडाशी तपकिरी डाग पडलेला कपॅसिटर डोळ्यांनीच ओळखू येतो. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच घ्यावे, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त चालतात, आणि 105 अंशांचाच मागावा. धन-ऋण बाजू उलटी झाली तर तो फुटतो.

दुसरा शत्रू म्हणजे 286, 386, 486 बोर्डावरचा 3.6 व्होल्टचा निकेल-कॅडमियम सेल. तो फुटला की आतला क्षार ट्रॅक खात जातो आणि हिरवट-पांढरा थर चढतो. आधी सेल कापून काढायचा. मग पांढऱ्या व्हिनेगरने तो क्षार मारायचा, बोर्ड डिस्टिल्ड पाण्याने धुवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. लिंबूही चालते. मोसंबी मात्र नाही. तिच्यात आम्ल कमी आणि साखर जास्त, म्हणजे बोर्डावर चिकटा तेवढा राहणार. मल्टीमीटर बीप करत नसेल तिथे ट्रॅक तुटला आहे, तेवढ्या भागाला बारीक तारेचा जम्पर मारायचा.

काही बोर्डांवर तारीख-वेळ सांभाळणारी डॅलस कंपनीची काळी चिप असते, डीएस1287. तिचा सेल चिपच्या पोटातच बंद, आयुष्य सुमारे दहा वर्षांचे. चिकाटीचे लोक कानशीने तिची कड घासतात, 16 आणि 20 क्रमांकांच्या पायांचे आतले टोक उघडे करतात, मेलेल्या सेलची जोडणी तोडतात आणि बाहेरून साधा सीआर2032 सेल जोडतात. काम तासाभराचे, पण कानस जरा जास्त चालली तर चिपच गेली.

एवढा खटाटोप कशासाठी? हौस हे एक उत्तर झाले. दुसरे मराठीच्या जवळचे आहे. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची. त्या काळातला मजकूर जुन्या लिपी-संकेतात साठवलेला आहे. फाइल उघडताना तेव्हाचेच यंत्र आणि तेव्हाचेच कार्ड हाताशी असले तर पुष्कळ डोकेदुखी वाचते. त्याच बनावटीचे कार्ड आता नवे कुठून आणणार?

दुरुस्तीला बसण्याआधी टीव्ही मेकॅनिकांची जुनी युक्ती करावी: संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या वाटेत 100 वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावायचा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये तर वीस हजारांच्या पुढे. तो नवशिक्याने उघडूच नये.

प्रत्येक बोर्ड वाचतो असेही नाही. संगणक सुरू करणारा बायोस प्रोग्रॅम ठेवणारी खिडकीवाली ईप्रॉम चिप कालांतराने स्मृती गमावू शकते. म्हणून यंत्र चालू असतानाच तिची प्रत काढून ठेवावी. खास त्याच बोर्डासाठी बनवलेली चिप जळाली, तर तसाच दुसरा बोर्ड शोधण्यावाचून इलाज नाही. बाकी सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात, आणि चांगला कपॅसिटर चहाच्या दोन-चार कपांच्या भावात येतो.